कंट्री संगीत आवडत नाही, पण हा एक अल्बम सुटत नाही. पुढे काय ऐकू?

पेटीवाली (गारलंड, टेक्सास)

कंट्री संगीताशी, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या बाजाच्या गाण्यांशी, माझं कधीच जमलं नाही. हे आधी सांगते, म्हणजे प्रश्न का पडला ते कळेल.

मी डॅलसजवळ गारलंडला राहते आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. अकरा वर्षं झाली. लॅबमधला रेडिओ रात्रभर एकाच स्टेशनवर असतो. सेंट्रिफ्यूजची घरघर, फ्रीजची घरघर आणि त्यावर ती गाणी: पिकअप ट्रक, थंड बिअर, शुक्रवारची रात्र, नदीकाठची शेकोटी, परत ट्रक. ड्रम इतके पुढे की शब्दांना त्यांच्या आडून ओरडावं लागतं. पहाटे तीन-चारला, नजर जड झालेली असताना, ते मला अगदी नकोसं व्हायचं. या संगीतात ऐकण्यासारखं काही नाही असं माझं पक्कं मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

आमच्याकडे एक ज्येष्ठ बाई होत्या, टेक्सासच्याच, रक्तपेढीचं काम बघायच्या. त्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या. मी त्यांना एकदा सांगितलं होतं की माझे वडील मिरजेत चाळीसेक वर्षं कीर्तनाला पेटीची साथ करत होते, मी त्यांच्या शेजारी बसून आख्यानं ऐकत मोठी झाले. हे त्यांनी लक्षात ठेवलं. शेवटच्या पाळीला त्यांनी माझ्या हातात एक सीडी ठेवली. म्हणाल्या, तुला गोष्ट ऐकायची सवय आहे, ही पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐक, मधलं गाणं काढून ऐकू नकोस.

ती सीडी म्हणजे कंट्री गायक विली नेल्सनचा १९७५ चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’.

माझ्या जुन्या गाडीत सीडी प्लेअर आहे. सकाळी सात वाजता सहाशे पस्तीस नंबरच्या हमरस्त्याने घरी यायला मला वीसेक मिनिटं लागतात. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी आवाज वाढवायला हात पुढे केला, कारण जवळजवळ काहीच वाजत नव्हतं. एक गिटार आणि एक माणूस. तोही गातोय की सांगतोय ते कळू नये असा. गोष्ट १९०१ सालातली. एक धर्मोपदेशक आहे, त्याचं बायकोवर जिवापाड प्रेम, आणि ती दुसऱ्याबरोबर निघून जाते. तो तिला शोधत जातो आणि दोघांनाही गोळी घालतो. मग काळ्या घोड्यावर बसून, तिचा तांबूस घोडा बरोबर घेऊन, गावोगाव फिरत राहतो. ही सगळी हकीकत तो आवाज न चढवता सांगतो. मध्येमध्ये पहिल्या गाण्याची चाल परत येते, थोडीशीच, जशी बुवांनी निरूपण करता करता मूळपदाची एक ओळ घ्यावी आणि झांजेवर एक टाळी देऊन पुन्हा कथेत शिरावं.

माझ्या घराचं वळण आलं तेव्हा नुसता पियानो वाजत होता. चर्चमधलं जुनं भजन, शब्दांशिवाय. तीन खून झाल्यावर ते भजन येतं आणि त्यात कोणीच काही बोलत नाही. तिथे रेकॉर्डची पहिली बाजू संपते हे मला नंतर कळलं. रात्री कामावर जाताना सीडी पुढे सुरू झाली, म्हणजे योगायोगाने मी तो अल्बम एलपीसारखाच दोन बाजूंत ऐकला, मध्ये दिवसभराची झोप. आता तीन महिने होत आले, आठवड्यातून तीन-चारदा ऐकते.

अजून एक. हा अल्बम जानेवारी १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित झाला तो गारलंडमध्येच, ‘ऑटम साउंड’ नावाच्या स्टुडिओत. म्हणजे मी ज्या गावात भाजी आणायला जाते तिथे. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. अकरा वर्षांत हे गाव माझं आहे असं वाटायला कारणच मिळालं नव्हतं.

तर प्रश्न असा. मला एकच अल्बम आवडलाय की मी एका अख्ख्या संगीतप्रकाराबद्दल चुकीचं मत धरून बसले होते? लॅबमधल्या रेडिओवरचं आजही सहन होत नाही. जाणकारांनी सांगावं, यानंतर काय ऐकू?

घाटमाथा (पुणे)

ताई, मी गिटार शिकवतो, म्हणून गिटारीपासून सुरुवात करतो. तुम्हाला जे ‘काहीच वाजत नाही’ वाटलं त्यातलं निम्मं श्रेय त्या एका वाद्याचं आहे. मार्टिन कंपनीची एन-२० ही नायलॉनच्या तारांची गिटार. ही जात खरी शास्त्रीय गिटारची, बोटांनी छेडायची. कंट्रीवाले सर्रास वाजवतात ती स्टीलच्या तारांची. विली नायलॉनवर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वापरतो. असल्या गिटारीवर पिकचा मार झेलायला संरक्षक पट्टी नसते, त्यामुळे वाजवून वाजवून लाकूड झिजलं आणि साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, खाली दुसरं भोक पडलं. ती गिटार त्याने १९६९ पासून सोडलेली नाही. नाव ‘ट्रिगर’. सिनेमातल्या रॉय रॉजर्सच्या घोड्याचं नाव ते. तुम्ही मिरजेच्या, तिथल्या सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराला तिचा फोटो दाखवा, तो अर्धा तास बघत बसेल.

नायलॉनचा स्वर मऊ असतो आणि लवकर विरतो. तो विरल्यावर जी शांतता उरते तिथे शब्द बसतो. स्टीलच्या तारेची झणझण असती तर एवढी मोकळी जागा मिळाली नसती.

दुसरं म्हणजे त्याची शब्दफेक. हा माणूस ठेक्यावर गातच नाही. कधी मागे राहतो, कधी ओळ अलीकडेच आटपतो, पण पोचायचं तिथे पोचतो. त्याचा आवडता गिटारवादक जँगो राइनहार्ट, आवडता गायक फ्रँक सिनात्रा. दोघंही कंट्रीतले नव्हेत. ठुमरी ऐकणाऱ्या माणसाला हा आवडला तर मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

रेडिओवर तुम्हाला रडव्या आवाजाची घसरती गिटार ऐकू येत असेल, ती स्टील गिटार, मूळची हवाईची. ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’मध्ये ती नाही. पण तिच्यावर राग धरू नका. तारांवरून धातूची कांडी घसरवायची तीच रीत ब्रिजभूषण काबरांनी रागसंगीतात आणली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने तीच ऐकू येते.

पुढे काय? विलीचाच १९७८ चा ‘स्टारडस्ट’. जुनी अमेरिकन गाणी, निर्माता बुकर टी. जोन्स. रात्रपाळीहून परततानाच ऐका.

बोरीबंदर

दोनदा प्रयत्न केला. चाली चांगल्या आहेत, पण मला फार संथ वाटला. गाण्यात निदान ठेका तरी धरून ठेवणारा हवा. ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ मात्र लगेच आवडलं, ते ठेवून घेतलंय.

जुनी_कॅसेट (ह्यूस्टन)

मी १९८४ पासून टेक्सासात आहे, विलीला दोनदा प्रत्यक्ष ऐकलंय. पेटीवाली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून थोडं लांबवतो.

विली टेक्सासातल्या ॲबट नावाच्या खेड्यातला, जन्म १९३३. आजी-आजोबांनी वाढवलं. १९६० मध्ये कंट्रीचं मुख्य ठाणं असलेल्या नॅशव्हिलला गेला आणि गीतकार म्हणून चमकला. १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइनने गायलेलं ‘क्रेझी’ त्याचं. पण स्वतः गायला लागला की लोक ऐकेनात. त्या काळी नॅशव्हिलमध्ये एक पद्धत पक्की झालेली होती. पॉप ऐकणारा श्रोता मिळावा म्हणून प्रत्येक गाण्याला व्हायोलिनांचा ताफा आणि मागे कोरस. विलीच्या आवाजावरही तेच चढवलं. त्याचे त्या वर्षांतले अल्बम ऐका, बिचारा आवाज खाली दबलेला सापडतो. १९७२ च्या सुमारास तो सगळं सोडून ऑस्टिनला आला. इथे त्याला लांब केसांची पोरं आणि काऊबॉय हॅटवाले एकाच हॉलमध्ये बसून ऐकायला लागले.

मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि त्यात अट अशी की अल्बम कसा करायचा ते विली ठरवणार. त्याने आपल्याच साथीदारांना घेतलं, गारलंडला गेला आणि जेमतेम चार हजार डॉलरच्या आसपास खर्चात काम संपवलं. कंपनीतल्या लोकांना वाटलं हा कच्चा नमुना आहे, वाद्यं नंतर भरायची असतील. करारामुळे त्यांना हात लावता आला नाही. फ्रेड रोझने लिहिलेलं ‘ब्लू आइज’ १९४० च्या दशकापासून लोक गात होते. विलीने ते इतकं साधं केलं की कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. गायक म्हणून त्याचा तो पहिलाच पहिला नंबर, वय बेचाळीस. पुढे २००९ च्या निवडीत लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतला.

म्हणजे तुम्ही ज्याला कंटाळलात त्याला त्या प्रकारातलेच लोक पन्नास वर्षांपूर्वी कंटाळले होते. तुमच्या लॅबच्या रेडिओवरची ट्रक-बिअरची लाट २०१० नंतरची, तिला ‘ब्रो-कंट्री’ असं नावच पडलंय. एका खिडकीतून दिसतं तेवढंच गाव नसतं.

विलीचाच १९७४ चा ‘फेजेस अँड स्टेजेस’ घ्या. एका मोडलेल्या लग्नाची गोष्ट: एक बाजू बायकोची, दुसरी नवऱ्याची.

रेवा

सगळे कौतुक करताहेत, म्हणून मला जे खुपतं ते लिहायलाच हवं.

या अल्बममध्ये दोन बायका मारल्या जातात. पहिली सोडून गेली म्हणून. दुसरी, पिवळ्या केसांची, फक्त त्या तांबूस घोड्याला हात लावते म्हणून. आणि गाणं म्हणतं की घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून कोणाला फासावर देता येत नाही. त्या दोघींना पूर्ण अल्बममध्ये एक शब्द बोलायला मिळत नाही. दुसऱ्या बाजूला तो माणूस डेन्व्हरला जातो, त्याला नवं प्रेम मिळतं, त्याची जखम भरते. त्यांचं काय? मी कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी येतात त्या ठिकाणी काम करते. ‘माझं तिच्यावर फार प्रेम होतं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की गिटार कितीही मऊ असली तरी माझा घसा आवळतो.

संगीत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण नुसतं ‘किती शांत, किती सुंदर’ म्हणून पुढे जाऊ नये.

आणि पुढे काय ऐकायचं याचं माझं उत्तर: त्याच १९७५ सालातलं लोरेटा लिनचं ‘द पिल’. केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत चार मुलं. तिने संततिनियमनाच्या गोळीवर गाणं केलं, नवऱ्याला तोंडावर सांगणारं की आता पाळणा बास. कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला आणि तरी ते गाजलं. त्याआधी १९५२ मध्ये किटी वेल्सने बाईच्या बाजूने पुरुषांना जाब विचारणारं गाणं गायलं, आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलेली ती पहिली एकटी गायिका ठरली. आपल्याकडे जे आख्यानात सापडत नाही ते जात्यावरच्या ओवीत सापडतं ना, तसंच हे. कंट्रीमध्येही जातं आहे.

पेटीवाली

रेवा, तुमचा प्रतिसाद वाचून मी चार दिवस तो अल्बम लावला नाही. रागाने नव्हे, मला नीट आठवून बघायचं होतं की पिवळ्या केसांच्या बाईपाशी मी काय करत होते. खरं सांगते: मी ते ऐकून सोडून देत होते. आमच्या आख्यानांतही अशा बायका असतात आणि लहानपणी मी त्यांनाही सोडून दिलंय. बुवा राजाचं दुःख रंगवत असायचे आणि आम्ही राजाबरोबर रडायचो.

नंतर परत लावला. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या बाजूच्या शेवटी जे भजन येतं ते मला आता वेगळं ऐकू येतं. त्याला माफी मिळाली असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. शब्दच नाहीत. तिथे मी त्या दोघींना आठवते. गायकाच्या मनात तेच होतं असा माझा दावा नाही, पण जागा आहे आणि ती मी माझ्यासाठी वापरते. दुसऱ्या बाजूवरचं त्याचं बरं होणं मला पूर्वीइतकं सोपं वाटत नाही, हे मात्र तुमचं ऋण.

लोरेटा लिन ऐकली. ‘द पिल’ ऐकताना मी सिग्नलला एकटीच मोठ्याने ‘बरोबर’ म्हणाले. तिचा आवाज तर खास अनुनासिक, जो मला रेडिओवर नको असायचा, आणि इथे तो हवाच होता. माजघरातून ओसरीपर्यंत पोचायचा असेल तर बाईचा आवाज असाच लागतो. त्यानंतर तिचा २००४ चा ‘व्हॅन लिअर रोझ’ मिळाला, सत्तरी ओलांडल्यावर जॅक व्हाइट या रॉक संगीतकाराबरोबर केलेला. त्यात ती आईवडिलांची गोष्ट सांगते. तो गाडीतच ठेवलाय.

जुनी_कॅसेट, ‘फेजेस अँड स्टेजेस’ आधी बायकोच्या बाजूने सुरू होतो हे मला फार आवडलं. घाटमाथा, ‘स्टारडस्ट’ चांगला आहे, पण मला गोष्ट लागते. तो रविवारी स्वयंपाक करताना लावते.

रेवा

पेटीवाली, इतकं मनावर घेऊन उत्तर दिलंत, बरं वाटलं. मीही ते भजन परत ऐकते. फक्त तेवढंच.

घाटमाथा (पुणे)

त्या भजनाबद्दल एक राहिलं. तो पियानो विलीची बहीण बॉबी वाजवते. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. ॲबटमध्ये लहानपणापासून दोघं एकत्र वाजवायची. १९७३ मध्ये ती त्याच्या बँडमध्ये आली आणि २०२२ मध्ये वारली तोवर त्याच्याबरोबर होती. दुसऱ्या बाजूवरचं ‘डाऊन यॉन्डर’सुद्धा तिचंच.

पेटीवाली

घाटमाथा, तुम्ही हे लिहिलंत त्याच्या आदल्याच दिवशी एक गोष्ट घडली, ती सांगायला आले.

अण्णा, माझे वडील, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मिरजेलाच असतात. इथले सकाळचे साडेसात म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा, रोज त्या वेळी मी फोन करते. त्या दिवशी गाडी दारात उभी करून त्यांना फोनवर पहिली बाजू ऐकवली. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं, त्यामुळे कथा मी दोन वाक्यांत सांगून टाकली होती. गाण्यांवर ते काही बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, “हा समेवर येत नाही, समेला आपल्याकडे बोलावतो.” भजन सुरू झालं तेव्हा ते मला नुसतं ‘थांब’ म्हणाले. संपल्यावर विचारलं, “ही पेटी कोणाची?”

मी म्हटलं, पेटी नाही अण्णा, पियानो.

“तेच ते. साथीला कोण आहे? मघाशी गाताना तो शब्द उशिरा टाकत होता आणि हे माणूस त्याच्यासाठी जागा धरून ठेवत होतं. हे शिकवून येत नाही. घरातलं कोणीतरी असणार.”

मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लगेच फोन करून सांगितलं की थोरली बहीण आहे, जवळपास पन्नास वर्षं तिने साथ केली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ते मधलं परत लाव. तीनदा लावलं. तिसऱ्यांदा पलीकडून भात्याचा आवाज आला, त्यांनी पेटी ओढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर त्यांचं ध्वनिमुद्रण आलं. दीड मिनिटाचं, काळी एकमध्ये, मागे आमच्या गल्लीतल्या रिक्षांचे हॉर्न. दुसऱ्या ओळीत एक स्वर चुकलाय. मी काही बोलले नव्हते. संध्याकाळी त्यांनीच परत वाजवून पाठवलं, तो स्वर सुधारून.